मुखवटे आणि पोशाखांवर जरीचं काम: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

जर दिसते धाग्यासारखी, म्हणून नवखा माणूस ती धाग्यासारखीच वापरायला जातो. हातभर लांब जर सुईत ओवतो, कापडातून आरपार ओढतो, आणि आठ-दहा टाक्यांत वरची साल निघून आतला गाभा उघडा पडतो. बहुतेक जरीत रेशमाचा, सुताचा किंवा पॉलिएस्टरचा एक गाभा असतो आणि त्याच्याभोवती चपटी चकचकीत पट्टी नुसती गुंडाळलेली असते. ती चिकटवलेली नसते. कापडाच्या छिद्रातून प्रत्येक वेळी घासून गेली की ती सरकते, उसवते आणि शेवटी तुटते.

म्हणून या कामाचा पाया एवढाच: जर शक्यतो कापडाच्या वर राहू द्यायची आणि दुसऱ्या, साध्या, मजबूत धाग्याने तिला जागच्या जागी बांधायचं. आरपार जायचं ते फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकाने. खालच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

१. आधी अंतर ठरवा, मग नक्षी

वस्तू हातात घेऊन पाहिली जाणार, कॅमेऱ्यासमोर येणार, की रंगमंचावर? चांगल्या नजरेच्या माणसालाही १० मीटरवरून साधारण ३ मि.मी.पेक्षा जवळ असलेल्या दोन रेघा वेगळ्या दिसत नाहीत, त्या एकमेकींत मिसळतात. तेव्हा रंगमंचासाठी नाजूक वेलबुट्टी भरत बसणं म्हणजे फुकटची मेहनत. तिथे ४ ते ६ मि.मी. जाडीची दोरी, मोठे आकार आणि सोन्याशेजारी एक गडद रेघ हवी. काळी किंवा गडद तपकिरी किनार दिली की तेच सोनं दुप्पट उठून दिसतं.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. जरीचा धागा लांबीला आडवा प्रकाश परतवतो, त्यामुळे एकाच रिळातली जर उभी लावली तर एका बाजूने उजळ दिसते आणि आडवी लावली तर त्याच वेळी काळपट. याचा फायदा घ्या: शेजारशेजारच्या दोन पाकळ्यांमध्ये रंग न बदलता फक्त ओळींची दिशा बदला, पाकळ्या आपोआप सुट्या होतात. पण मोठा भाग सलग चमकायला हवा असेल तर दिशा एकच ठेवा. अर्धा भाग एका दिशेने आणि उरलेला सोयीनुसार भरला, तर लांबून तिथे ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

हातभर कापडावर एक छोटा नमुना करा, ज्या प्रकारचा प्रकाश असणार आहे त्यात ठेवा आणि ठरलेल्या अंतरावर उभं राहून फोटो काढा. फोटोत जे दिसत नाही ते नक्षीतून काढून टाका.

२. धागा निवडा

गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो, कारण वेगवेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. नावावर जाऊ नका, रचना पाहा.

*गुंडाळलेली जर.* गाभा आणि त्याभोवती पट्टी. पट्टी तीन प्रकारची सापडते: चांदीची (वर सोन्याचा पातळ मुलामा), तांब्याची (वर चांदी किंवा सोनेरी रंगाचा मुलामा), आणि प्लास्टिकची, म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर. ओळखायचं कसं? टोकाकडची पट्टी नखाने थोडी उलगडा आणि दुमडा. धातूची पट्टी घडी धरून ठेवते, प्लास्टिकची परत सरळ व्हायला बघते. धातूची पट्टी सुईच्या टोकाने खरवडल्यावर आत लालसर दिसली तर ती तांब्याची.

घामाशी, मेकअपशी आणि धावपळीशी गाठ असलेल्या पोशाखाला प्लास्टिकची जर लावण्यात काहीही कमीपणा नाही, उलट शहाणपण आहे. ती हलकी असते, हिरवी पडत नाही आणि खराब झाल्यावर बदलताना जीव जळत नाही. चांदीची जर हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते. तांब्याची घामाने तपकिरी आणि पुढे हिरवट होते. प्लास्टिकच्या जरीचं दुखणं वेगळं: ती घासून चमक घालवते आणि उष्णतेने आकसते.

*सलमा, दबका आणि त्यांची भावंडं.* हे धागेच नव्हेत, तर बारीक तारेच्या पोकळ स्प्रिंगा आहेत. गुळगुळीत, मंद, चकचकीत, पैलू पाडलेल्या अशा अनेक जाती मिळतात आणि त्यांची नावं विक्रेत्यागणिक बदलतात, म्हणून तुकडा हातात घेऊन बघा. हवा तेवढा तुकडा कापायचा आणि मण्यासारखा सुईत ओवून शिवायचा. एकदा ताणली की ही स्प्रिंग पुन्हा जवळ येत नाही, त्यामुळे रिळासारखी ओढून मोजू नका.

*दोरी, वेणी आणि लेस.* पीळ दिलेली किंवा विणलेली जाड जर. मुखवट्याच्या कडा, डोळ्यांच्या खाचा आणि पोशाखाच्या शिवणी झाकायला हीच कामाची. नवख्या माणसाने पहिलं काम यातच करावं असं माझं मत आहे.

*मशीनचा मेटॅलिक धागा.* बारीक, रिळावरचा. यातही दोन जाती असतात: गाभ्यावर गुंडाळलेला गोल धागा आणि नुसती चपटी फिल्म. दोन्ही मशीनवर चालतात, पण लावण्याची पद्धत वेगळी. ती आठव्या पायरीत येईल.

*धातूची तार.* ०.३ ते ०.४ मि.मी. जाडीची. मुखवट्यावर उभे राहणारे तुरे, पानं, शिंगांच्या कडा यांना आकार देण्यापुरती. कापडावर सपाट कामासाठी ती वापरू नका, पहिल्या घडीला टोचते.

लागणारी लांबी मोजायचा सोपा हिशोब: भरायचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये काढा आणि जरीच्या जाडीने भागा. १० सें.मी. लांब आणि १ सें.मी. रुंद पट्टी म्हणजे १००० चौ.मि.मी. जरीची जाडी ०.५ मि.मी. असेल तर २००० मि.मी., म्हणजे २ मीटर. त्यावर वळणं आणि टोकांसाठी १५ टक्के जास्त धरा. संपूर्ण काम एकाच वेळी, एकाच लॉटमधून घ्या. सोनेरी रंगाच्या दोन रिळांत कपाटातल्या उजेडात न दिसणारा फरक दिव्याखाली लख्ख दिसतो.

३. साहित्य जमवा

- बांधायचा धागा: बारीक पॉलिएस्टर किंवा रेशीम, जरीच्या रंगाचा
- मधमाशीच्या मेणाचा तुकडा
- बांधण्यासाठी बारीक सुया (१० किंवा १२ नंबर) आणि टोकं आत घेण्यासाठी मोठ्या नेढ्याची, टोकदार, जाड सुई (१८ ते २० नंबर)
- लाकडी चौकट, किंवा स्क्रूने घट्ट होणारी रिंग
- दोन कात्र्या: एक कापडाची, एक जुनी, जी फक्त धातू कापेल
- बोथट टोकाचा चिमटा, अंगुस्तान, टोच्या
- फेल्ट (सोन्यासाठी पिवळं, चांदीसाठी करडं), सुती दोरा, आधाराला जाड सुती कापड
- बटर पेपर, खडूची पूड, मास्किंग टेप
- कपड्याचा पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद
- सलमा ठेवायला मखमलीचा तुकडा लावलेली उथळ ताटली. गुळगुळीत ताटलीत तुकडे उड्या मारतात आणि सापडत नाहीत.

धातू कापलेल्या कात्रीने पुन्हा कधी कापड कापू नका. तिच्या धारेवर डोळ्याला न दिसणाऱ्या खाचा पडतात आणि रेशीम त्यात अडकतं.

४. कापडाला आधार द्या

जर जड असते आणि कापड तिच्या वजनाने ओढलं जातं. शिफॉन, सॅटिन, पातळ रेशीम अशा कापडावर थेट काम केलं तर चौकटीतून काढताच सुरकुत्या पडतात. मुख्य कापडाच्या मागे एकदा धुऊन आकसवलेलं जाड सुती कापड लावा, दोन्हीचे उभे धागे एकाच दिशेला ठेवा, चारी बाजूंनी कच्चे टाके घाला आणि मग दोन्ही मिळून चौकटीत ताणा. बोटाने टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा आवाज यायला हवा.

मखमल असेल तर रिंग टाळा, चौकटच घ्या. रिंगचा वण लवीवर उठतो आणि बऱ्याचदा जात नाही.

पोशाखाचं काम असेल तर भाग आधी कापू नका. कापडावर भागाची रेघ आखा, आतलं भरतकाम पूर्ण करा, चौकटीतून काढा, कागदी नमुना पुन्हा ठेवून माप तपासा आणि मगच बाहेर ३ सें.मी. माया सोडून कापा. भरतकामाने कापड थोडं आखडतं. आधी कापलेला भाग भरल्यानंतर शेजारच्या भागाला जुळत नाही, मग शिवताना ओढाताण होते आणि गळा वाकडा बसतो.

५. नक्षी उतरवा

बटर पेपरवर नक्षी काढा, रेघेवर १ ते २ मि.मी. अंतराने बारीक सुईने छिद्रं पाडा. कागद कापडावर ठेवून टाचण्यांनी पक्का करा आणि खडूची पूड कापसाच्या बोळ्याने गोल फिरवत आत घाला. गडद कापडाला पांढरी पूड, फिकट कापडाला कोळशाची. पूड झटकली की रेघ जाते, म्हणून कागद उचलल्याबरोबर पातळ ब्रशने किंवा कपड्याच्या पेन्सिलीने ठिपके जोडून घ्या.

पेनाने काढलेली रेघ जरीखाली झाकली जाईल या भरवशावर राहू नका. जर कधीच इतकी काटेकोर बसत नाही. उष्णतेने जाणारी शाई तर इथे मुळीच नको, कारण ती घालवायला इस्त्री लागते आणि सरळ बाजूने इस्त्रीला जरीजवळ आणायचं नाही.

६. बांधायचा टाका: काऊचिंग

हाताच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा टाका हाच. तो जमला की निम्म्याहून जास्त काम येतं.

बांधायच्या धाग्याचा ४५ सें.मी.पेक्षा लांब तुकडा घेऊ नका. मेणावरून दोनदा ओढा, मग दोन बोटांत धरून जास्तीचं मेण पुसा. मेणाने धागा गुंतत नाही आणि धातूच्या धारेने लवकर कापला जात नाही.

जर कापडावर ठेवा, सुरुवातीला ३ सें.मी. टोक मोकळं सोडा. सपाट भाग भरायचा असेल तर जर एकेरी न ठेवता जोडीने ठेवा. काम लवकर पुढे सरकतं आणि वळणं सपाट बसतात. आता जरीच्या मोकळ्या बाजूने सुई खालून वर काढा, जोडीवरून आडवी न्या आणि दुसऱ्या बाजूला, आधीच्या ओळीला अगदी चिकटून, थोडी तिरकी आत घाला. टाका ओढल्यावर नवी ओळ आधीच्या ओळीला जाऊन टेकते. सुई सरळ घातली तर ओळींमध्ये केसाएवढी फट राहते, आणि अशा दहा फटी एकत्र आल्या की कापडाचा रंग डोकावतो.

दोन टाक्यांमधलं अंतर बारीक जरीला ३ मि.मी., जाड दोरीला ५ मि.मी.पर्यंत. वळणावर २ मि.मी. पुढच्या ओळीत टाके आधीच्या ओळीतल्या दोन टाक्यांच्या मधोमध घ्या, विटांच्या भिंतीसारखे. सगळे टाके एका रेषेत आले तर त्यांची वेगळीच खाच दिसू लागते. (हवी असेल तर हीच खाच मुद्दाम नक्षी म्हणून वापरता येते, पण ती ठरवून.)

टाका किती ओढायचा? जर जागेवर राहील एवढाच. जरीच्या कमरेत खळगा पडला तर टाका जास्त ओढला गेला आहे. प्रत्येक टाक्याच्या आधी जर हलकी ताणून धरा, नाहीतर ओळ सापासारखी चालते.

ओळीच्या शेवटी वळताना जोडीतले दोन धागे वेगळे हाताळा. आधी बाहेरचा धागा वळवून कोपऱ्यावर एका टाक्याने बांधा, मग आतला. पानाच्या टोकासारखा फार निमुळता कोपरा असेल तर आतला धागा तिथेच कापून आत घ्या आणि फक्त बाहेरचा वळवा. दोन्ही धागे कोंबले तर टोकाला गाठोडं होतं.

टोकं आत घ्यायची रीत अशी: जाड सुईत मजबूत दोऱ्याचा फास करा, सुई कापडात अर्धी खुपसा, जरीचं टोक फासात अडकवा आणि सुई एका झटक्यात खाली ओढा. हळूहळू ओढलं तर साल निघते. जोडीतली दोन टोकं एकाच छिद्रातून नेऊ नका, शेजारी दोन छिद्रं करा. मागे गेल्यावर टोक आपल्याच ओळीच्या खाली वळवा, १ ते १.५ सें.मी.पर्यंत मागच्या आधाराच्या कापडाला टाके घालून पक्कं करा आणि उरलेलं कापा. गाठ मारू नका, गाठ पुढून उंचवटा दाखवते. पोशाखात मागे सुटी राहिलेली टोकं अंगाला टोचतात आणि अस्तर फाडतात.

बांधायच्या धाग्याचा रंग जरीसारखा ठेवला तर तो लपतो. लाल ठेवला तर सोनं ऊबदार दिसतं, हिरवा ठेवला तर थंड. पानाच्या एका बाजूला टाके दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ घेतले तर त्याच जरीत सावली उतरते. ही युक्ती जवळून पाहायच्या मुखवट्यांसाठी फार देखणी आहे, रंगमंचावर वाया जाते.

७. भराव आणि सलमा

सपाट जरीपेक्षा उंच जर जास्त चमकते, कारण फुगीर पृष्ठभाग कुठून ना कुठून प्रकाश पकडतोच. फेल्टचे दोन-तीन थर लावा. सर्वांत लहान तुकडा आधी, त्यावर थोडा मोठा, शेवटी नक्षीच्या मापाचा सर्वांत मोठा. क्रम उलटा केला तर पायऱ्या दिसतात. कडेचे टाके कापडातून वर काढा आणि फेल्टमध्ये आत घाला, उलट केल्यास फेल्टची कड उचलली जाते.

सलम्याचे तुकडे आडवे बसवायचे असतील तर भराव फेल्टचा नको, मेण लावलेल्या सुती दोऱ्यांच्या जुडीचा हवा. जुडी टोकांकडे दोरे कापत निमुळती करा. मग तुकडा मोजा: भरावाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, वरून. तुकडा लांब झाला तर मध्ये तडा जातो, आखूड झाला तर कडेला कापड दिसतं. सुई एका कडेने वर काढा, तुकडा ओवा, सुमारे ४५ अंशांत तिरका ठेवा आणि समोरच्या कडेने आत घाला. सुरुवात आकाराच्या मधून करा, आधी एका टोकाकडे जा, मग दुसऱ्या. पहिला तुकडा तिरका बसला की बाकीचे त्याच्याच पाठोपाठ जातात, म्हणून पहिल्या तुकड्यावर वेळ घालवा.

इथे बांधायचा धागा दुहेरी घ्या आणि मेण जास्त लावा. स्प्रिंगचं कापलेलं टोक धारदार असतं आणि धागा तिथेच झिजतो. तडा गेलेला तुकडा दुरुस्त होत नाही. तो कापून काढा, नवा लावा.

सलमा कुठे लावू नये ते आधी ठरवा: कोपर, काख, गुडघा, बसायची जागा, पट्ट्याखाली आणि नाकाच्या तीव्र उतारावर. पहिल्या पाच ठिकाणी तो चिरडतो, शेवटच्या ठिकाणी तुकडे एकमेकांपासून फाकतात.

८. मशीनवर

मशीनवर धागा तुटण्याची कारणं तीनच: घर्षण, ताण आणि पीळ. त्या क्रमाने तपासा.

सुई ९०/१४ नंबरची, मोठ्या नेढ्याची घ्या, म्हणजे मेटॅलिक धाग्यासाठीची किंवा टॉपस्टिचची. सुई नवीच हवी. नेढ्यात ओरखडा असलेली सुई सुती धाग्याला चालते, मेटॅलिकला नाही. वरचा ताण साधारण ४ वर असेल तर २ वर, गरज पडली तर १ वर आणा. बॉबीनमध्ये (खालच्या धाग्याच्या छोट्या रिळात) बारीक पॉलिएस्टर धागा भरा, मेटॅलिक नाही. वेग कमी ठेवा. भरतकामाचं मशीन असेल तर मिनिटाला ४०० ते ६०० टाक्यांवर थांबा आणि नक्षीची घनता (शेजारच्या दोन ओळींमधलं अंतर) नेहमीच्या ०.४ मि.मी.ऐवजी ०.५ च्या आसपास करा. २ मि.मी.पेक्षा लहान टाके असलेली नक्षी या धाग्याला मानवत नाही.

पीळ जातो कुठून? रीळ आडवं ठेवलं आणि धागा टोकावरून निघाला की प्रत्येक फेऱ्यात एक पीळ पडतो. गोल धाग्याचा मोठा कोन मशीनपासून दूर, उभ्या स्टँडवर ठेवा, म्हणजे सुईपर्यंत पोचेतो पीळ सैल होतो. चपट्या फिल्मचं रीळ मात्र उभ्या दांड्यावर असं बसवा की रीळ स्वतः फिरेल आणि फिल्म कडेने सुटेल. ती टोकावरून काढली तर पीळ पडून पहिल्याच हातभर शिलाईत तुटते.

तरीही तुटत असेल तर जर बॉबीनमध्ये भरा, काम उलट्या बाजूने करा आणि वर साधा पॉलिएस्टर धागा ठेवा. जाड जरीसाठी बॉबीनच्या केसचा स्क्रू सैल करावा लागतो. त्यासाठी एक वेगळी केस ठेवलेली बरी, नाहीतर रोजच्या शिलाईचा ताण बिघडतो.

दोरी मशीनने बसवायची असेल तर झिगझॅग वापरा. रुंदी दोरीपेक्षा किंचित जास्त, टाक्याची लांबी २ ते २.५ मि.मी., वर पारदर्शक किंवा जुळत्या रंगाचा बारीक धागा, आणि खोबण असलेला फूट. सुई दोरीत घुसता कामा नये.

९. मुखवट्यावर चढवा

बकरम (खळ देऊन कडक केलेलं कापड), फेल्ट किंवा मऊ चामड्याच्या मुखवट्याला सुई लागते, पण आकार दिल्यानंतर शिवणं अवघड. सपाट असतानाच नक्षी भरा, डोळ्यांच्या खाचा शेवटी कापा. चामड्याला छिद्रं आधी टोच्याने पाडा. तिथे चुकलेलं छिद्र कायमचं राहतं.

कागदाच्या लगद्याचा, थर्मोप्लास्टिकचा (गरम केल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा) किंवा फोमचा कडक मुखवटा असेल तर त्यात सुई घालायचा हट्ट नको. कापडावर तुकडा भरा आणि तो चिकटवा. सपाट तुकडा गोलाईवर सुरकुततो, म्हणून आधी साचा घ्या. मुखवट्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळा, त्यावर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवा, नक्षीचा भाग टेपवर आखा, सोलून काढा आणि जिथे सपाट होत नाही तिथे चीर द्या. त्या चिरा म्हणजे तुमच्या कापडाचे जोड. गालाला सहसा दोन तुकडे, कपाळ आणि नाकाला तीन पुरतात. जोडांवर शेवटी दोरी बसते, त्यामुळे ते दिसत नाहीत.

लगद्याचा मुखवटा पाणी शोषतो. चिकटवण्याआधी पांढरा गोंद आणि पाणी सम प्रमाणात मिसळून पृष्ठभागावर एक हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. नाहीतर गोंदातलं पाणी लगद्यात जातं आणि तुकडा कडेने सुटतो. गोंद कापडाच्या मागे पातळ लावा. जास्त लावला तर तो भरतकामातून वर येतो आणि जरीवर पडलेला पांढरा डाग निघत नाही.

दोरी लावताना एका वेळी ५ ते ६ सें.मी.वरच गोंद लावा, चिमट्याने दोरी बसवा, टेपने धरून ठेवा, मग पुढचा भाग. दोरी कापण्याआधी त्या जागी टेप गुंडाळा आणि टेपच्या मधोमध कापा, नाहीतर पीळ उलगडत जातो. सुरुवात आणि शेवट एका मण्याखाली किंवा तुकड्याच्या कडेखाली लपेल अशा जागी आणा.

दोन गोंद टाळा. झटपट चिकटणारा सुपर ग्लू वाळताना वाफ सोडतो आणि जरीवर पांढरट धुरकट थर बसतो. गरम ग्लूगन प्लास्टिकच्या जरीला आकसवते आणि तिचे तंतू सगळीकडे ओढले जातात. ग्लूगन हवीच असेल तर ती मुखवट्याच्या आतल्या पट्ट्यांसाठी राहू द्या.

डोळ्यांच्या खाचेपासून किमान १ सें.मी.पर्यंत तार, सलमा किंवा कापलेलं धातूचं टोक नको. तिथे फक्त गोल, मऊ वेणी, आणि तिचाही जोड बाहेरच्या कोपऱ्याला. आतल्या बाजूला सुती अस्तर लावा. निकेल असलेला धातू त्वचेला टेकला तर काहींना पुरळ उठतं, आणि श्वासाच्या ओलाव्याने तांब्याची जर आतून आधी खराब होते. तयार मुखवटा घालून मान चारी बाजूंना फिरवा, खाली वाका. कुठे टोचतं ते आत्ता कळलं पाहिजे.

१०. पोशाखावर चढवा

शिवणीच्या रेघेपासून १.५ सें.मी. आत धातू येऊ देऊ नका. मशीनची सुई तारेवर आदळली की ती तुटून उडते. नक्षी शिवणीवरून सलग जायला हवी असेल तर तेवढा भाग मोकळा सोडा, शिवण घाला आणि नंतर हाताने पूर्ण करा.

वजन कुठे टांगलं जाणार याचा विचार करा. गळा, खांदे आणि मनगटाची पट्टी वजन पेलतात. घेराच्या खालच्या काठावर जड जर लावली तर कापड खाली खेचलं जातं, विशेषतः तिरप्या कापाचं. तिथे आतून रुंद पट्टीचा आधार द्या किंवा हलकी प्लास्टिकची लेस लावा. केपसारखा पोशाख असेल तर वजन गळ्याच्या हुकवर न टाकता आतून खांद्याला बांधायच्या पट्ट्यांवर घ्या.

पोशाख वारंवार धुवावा लागणार असेल तर भरतकाम सुट्या तुकड्यांवर करून हुक, बटणं किंवा लांब कच्च्या टाक्यांनी जोडा. धुताना तुकडे काढून ठेवायचे. एवढ्या एका गोष्टीने काम कितीतरी पटीने जास्त टिकतं, आणि नेमकी हीच गोष्ट घाईत राहून जाते.

११. इस्त्री, सफाई, साठवण

इस्त्री सरळ बाजूने कधीच नाही. जाड टॉवेलवर भरतकाम उलटं ठेवा, मागून सुती फडकं घाला, इस्त्री एका ठिपक्यावर (कमाल ११० अंश सेल्सिअस) ठेवा आणि घासू नका, दाबून उचला. वाफ नको. भरावाच्या जागेवरून इस्त्री फिरवू नका.

जर पाण्यात बुडवू नका. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका. ड्राय क्लीनिंगला देण्याआधी टिकल्या आणि प्लास्टिकच्या जरीचा उरलेला तुकडा देऊन चाचणी करून घ्या. काही टिकल्या द्रावणात वितळतात किंवा रंग सोडतात. परफ्यूम आणि हेअर स्प्रे पोशाख अंगावर चढवण्याआधी मारायचा, नंतर नाही. चांदीच्या जरीला भांड्यांचं पॉलिश लावू नका: ते मुलामा खरवडतं आणि वेटोळ्यांत पांढरी पूड अडकून बसते.

घालून झाल्यावर पोशाख लगेच पिशवीत भरू नका. उलटा करून सावलीत पूर्ण वाळू द्या. मग ॲसिड नसलेल्या पातळ कागदाचा थर देऊन, भरतकाम बाहेरच्या बाजूला ठेवून, जाड नळीवर गुंडाळा. घडी घातली तर घडीच्या रेघेवर पट्टी कायमची मोडते. रबर बँड, लोकर आणि रबरी फोम जवळ ठेवू नका, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. मुखवटा कागदाचे गोळे आत भरून, तोंड वर करून, डब्यात सुटा ठेवा. त्याच डब्यात नक्षीचा कागद, उरलेल्या जरीचा हातभर तुकडा आणि रिळावरचं लॉट नंबरचं लेबल टाकून ठेवा, पुढे एखादी ओळ उसवली की तेच लागतात.